लहान टॅब: तुमचा अनुभव काय, आणि पुढच्यात काय हवं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज काढतोच. माझा ८ इंची टॅब २०२० चा आहे, एकदम ठणठणीत, स्क्रीनवर ओरखडा नाही, बॅटरी अजून दिवस काढते, आणि गेल्या महिन्यात बँकेचं ॲप म्हणतंय तुमचं अँड्रॉइड जुनं झालं, अपडेट करा. कुठून करू? कंपनीने एक मोठा अपडेट दिला आणि मग सिक्युरिटी पॅच पण बंद. चालती वस्तू नुसत्या सॉफ्टवेअरपायी मोडीत काढायची हे मला अजिबात पटत नाही.

मोठा घे असं सगळे सांगतात. मी रोज पुण्यात वनाजला मेट्रोत चढतो, नळ स्टॉपनंतर म्हाताऱ्या माणसाला जागा देऊन उभंच राहायचं असतं, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हातात टॅब. ३०० ग्रॅमचा टॅब असा अर्धा तास धरता येतो, ११ इंचीचं अर्धा किलो धरून बघा. आणि फोनवर पुस्तक वाचणं माझ्या डोळ्यांना झेपत नाही. तर काय वापरता, काय बिघडलं, काय हवंय, सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

सदाशिव पेठ, एमपीएससी
अभ्यासिकेतलं टेबल एवढंसं, वही, पाण्याची बाटली आणि लहान टॅब ठेवला की संपलं, त्यामुळे माझ्या आजूबाजूच्या निम्म्या मुलींकडे हाच आकार आहे. माझ्या टॅबला ३ जीबी रॅम (उघडी ॲप धरून ठेवणारी मेमरी). राज्यघटनेच्या पीडीएफचं ४१२ वं पान उघडं असतं, एक शब्द बघायला डिक्शनरीत गेलं की परत येईपर्यंत पीडीएफ बंद, पुन्हा पान १. दिवसातनं वीस वेळा. मी पान नंबर पेन्सिलीने वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवते.

दुसरं म्हणजे स्क्रीन. ८.७ इंचाला १३४० बाय ८०० पिक्सेल देतात, हिशोब केला तर इंचाला १८० पण भरत नाहीत. इंग्रजी नोट्स चालून जातात हो, पण देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षर सगळं शिरोरेषेच्या वर आणि खाली दाटीने बसलेलं असतं. स्कॅन केलेल्या जुन्या नोट्समध्ये 'ष्ट' आणि 'ष्ठ' मला झूम केल्याशिवाय वेगळे दिसत नाहीत, मग झूम केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. मराठी वाचणाऱ्याला चांगली स्क्रीन ही चैन नाहीये, गरज आहे. माझी मागणी: इंचाला निदान ३०० पिक्सेल आणि ८ जीबी रॅम, कॅमेरा नसला तरी चालेल.

औंध
वरच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. माझ्याकडे २०१३ चा नेक्सस ७, गूगलचा जुना टॅब, आहे, ७ इंचात १९२० बाय १२००, म्हणजे इंचाला ३२३ पिक्सेल, वजन २९० ग्रॅम. अधिकृत अपडेट अँड्रॉइड ६ पर्यंत आले, पुढे मी लिनिएज ओएस टाकलं, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं फुकट अँड्रॉइड. रोज सकाळी रियाजाला तानपुरा त्याच्यावरच लागतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एवढी स्क्रीन देता येत होती तर आज बहुतेक लहान टॅबमध्ये का नाही, एवढंच मला विचारायचंय.

बाणेर, एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आतलं सॉफ्टवेअर) काम करतो
अपडेट का थांबतात ते थोडं सांगतो, कारण आमचं रोजचं काम हेच. अँड्रॉइडचं नवीन व्हर्जन आलं की ते चिपच्या ड्रायव्हरशी (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) जुळवावं लागतं, ते ड्रायव्हर चिपवाली कंपनी देते आणि तिने त्या चिपचा सपोर्ट बंद केला की टॅबवाल्याचे हात बांधले जातात. आता लहान टॅबमध्ये होतं काय, टॅब बाजारात येतो तेव्हाच आतली चिप बऱ्याचदा दीड-दोन वर्षं जुनी असते, म्हणजे सपोर्टची तेवढी वर्षं तुम्ही विकत घ्यायच्या आधीच खर्ची पडलेली.

पण हे सुटण्यासारखं आहे. २०१७ ला अँड्रॉइड ८ मध्ये प्रोजेक्ट ट्रेबल आलं, त्याने ड्रायव्हरचा भाग बाकी अँड्रॉइडपासून वेगळा काढला. अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग थेट प्ले स्टोअरकडून अपडेट होतात. गूगलच्या पिक्सेल ८ फोनला २०२३ मध्ये ७ वर्षं अपडेट जाहीर झाले, २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ ला पण ७. फोनला जमतं ते टॅबला जमायलाच पाहिजे, उलट टॅब लोक फोनपेक्षा जास्त वर्षं वापरतात.

आणि घेताना स्टोरेज बघा बरं का. ईएमएमसी (जुना, स्वस्त प्रकार) लिहिलं असेल तर ते एका वेळी वाचेल नाहीतर लिहील, दोन्ही एकदम नाही. यूएफएस या नव्या प्रकाराला दोन्ही जमतं. पाठीमागे ॲप अपडेट होत असताना टॅब गोठल्यासारखा होतो ना, त्याचं मोठं कारण हे.

कर्वेनगर, साइटवर फिरणारी आर्किटेक्ट
माझ्याकडे आयपॅड मिनी, २०२१ चा. एप्रनच्या खिशात मावतो, ड्रॉइंगवर तिथल्या तिथे पेन्सिलने खुणा करता येतात, अपडेट वेळेवर येतात, त्या बाबतीत समाधानी आहे. पण पुढचा मिनी यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला, ए१७ प्रो चिप आणि १२८ जीबी स्टोरेज दिलं, स्क्रीन मात्र ६० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारी. मला ओलेड (काळा रंग खरंच काळा दाखवणारी स्क्रीन) हवाय, उन्हात स्लॅबवर उभं राहून ड्रॉइंग बघावं लागतं आणि काळा गडद दिसला तर रेषा ओळखता येतात.

धायरी
मला तांत्रिक काही कळत नाही, सासूबाईंचं लिहिते. वय ७६, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हरिपाठ, मनाचे श्लोक, सगळं टॅबवर, अक्षर मोठं करून. मोठा टॅब दिला होता, त्यांच्या मनगटाला पेलेना, मांडीवर ठेवला की मान दुखायची. लहान दिला तर पोथीसारखा दोन्ही हातांत धरतात, आणि पान उलटायला अजून बोटाला जीभ लावतात. २०१९ चा टॅब, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं. तापकीर गल्लीत दुरुस्तीला नेला, तिथल्या दादांनी कडेने पातळ पत्ती फिरवत झाकण सोडवलं, स्क्रीनला धक्का न लावता, बॅटरी मिळायला मात्र आठ दिवस गेले कारण त्या मॉडेलची कोणी ठेवतच नाही. ते आठ दिवस सासूबाई रोज दुपारी विचारायच्या, आला का गं माझा. मला फक्त बॅटरी सहज बदलता येईल असा टॅब हवाय, आणि अपडेट झाल्यावर अक्षराचा आकार आपोआप लहान होऊ नये, ते झालं की त्यांना वाटतं आपले डोळे गेले.

(धागाकर्ता)
धायरीच्या ताई, तुमचं वाचून बॅटरीचा मुद्दा आधी घ्यायला हवा होता असं वाटलं. बाणेरवाल्या दादांना एक विचारतो, माझा टॅब २०२० चा, मीडियाटेकच्या चिपवाला आहे, त्याच्यावर लिनिएजसारखं काही बसेल का? बसत असेल तर रविवारी बसतो घेऊन. नाहीतर बँकेचं ॲप काढून टाकून नुसता वाचायला ठेवतो, टाकणार नाही.