ट्रेनिंगच्या व्हिडिओला लॉक असावा की नसावा?

घोडबंदरकर
महापेला आमच्या गोडाऊनमध्ये सेफ्टी ट्रेनिंग आता ऑनलाइन झालंय. ५५ मिनिटांचा व्हिडिओ, पुढे ढकलता येत नाही, शेवटी १० प्रश्न. पोरं काय करतात, फोन म्यूट करून चार्जिंगला लावतात नि चहाला जातात, मी पण तेच केलं, खोटं कशाला बोलू. माझं म्हणणं एवढंच की लॉक काढा, ५-५ मिनिटांचे तुकडे करा, आधी प्रश्न विचारा, ज्याला येतंय त्याला सोडा पुढे.

रबाळे शिफ्टवाला
अजिबात पटलं नाही. लॉक काढला की दोन मिनिटांत सर्टिफिकेट घेऊन मोकळे. उद्या कुणाचा पाय फोर्कलिफ्टखाली आला तर जाब आम्हा सेफ्टीवाल्यांना विचारणार, तुम्हाला नाही. आणि प्रश्न आधी विचारले तर उत्तरं ग्रुपवर फिरणार.

घोडबंदरकर
आत्ता फिरत नाहीत होय? "१ ब, २ अ, ३ ड" मेसेज पिन करून ठेवलाय आमच्याकडे 😄 त्यापेक्षा आपल्याच डॉकचा फोटो टाकून विचारा ना, यात चुकलंय काय. फोटो बदलत राहायचे.

ऐरोलीची ताई
मी हेच कोर्स बनवते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने जास्त आठवलं ते मधे वाचण्याऐवजी आठवून लिहिणाऱ्यांना. म्हणजे नुसतं बघायला लावून उपयोग नाही, मधे मधे विचारा. पण दादा, सगळे तुकडे पोरांच्या मर्जीवर सोडू नका हां, ज्याला वाटतं मला येतं त्यालाच बऱ्याचदा येत नसतं.

सानपाड्याची
तुमचं लॉक लॉक चाललंय, मला तर पुढे जायचं बटणच सापडत नाही. मी बिलिंगला आहे, नजर अगदी कमी, फोनवर टॉकबॅक लावते, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय. स्क्रीनवर बोट फिरवलं की "अनलेबल्ड बटन", "अनलेबल्ड बटन", असं पाच वेळा. मग एक प्रश्न, हेल्मेट ओढून माणसाच्या डोक्यावर ठेवा. कुठलं डोकं? वर ३० सेकंदांचा टायमर, चार पर्याय ऐकून होईस्तोवर वेळ संपते. तीनदा नापास, तेही जे मला पाठ आहे त्यात.

ऐरोलीची ताई
अहो हे तर नियमातच आहे, डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणूनच्या नियमावलीत. बटणाला नाव हवं, टायमर बंद करता किंवा वाढवता यायला हवा, आणि २०२३ च्या २.२ आवृत्तीमध्ये तर ओढायच्या जागी नुसतं टॅप करून चालेल अशी सोय द्या असंही आलंय.

रबाळे शिफ्टवाला
टायमर कॉपी होऊ नये म्हणून असतो हो. पण तो हेल्मेटवाला प्रश्न आमच्याकडे पण आहे, मीच सुचवलेला, दिसायला भारी वाटला. सोमवारी टॉकबॅक लावून स्वतः सोडवून बघतो. लॉक मात्र काढणार नाही.

सानपाड्याची
डोळे मिटून सोडवा.