एच-मोडच्या काठावरचे 'एल्म' टाळायचे कसे? प्रोजेक्टसाठी कोणती वाट घेऊ?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला टोकामॅकमधले (तप्त प्लाझ्मा चुंबकाने कोंडणारं फ्यूजनचं यंत्र) एल्म घेतलेत, म्हणजे प्लाझ्माच्या काठावर ठरावीक वेळाने येणाऱ्या उसळ्या. त्या टाळायच्या वाटा बऱ्याच दिसतात: आरएमपी कॉइल (काठाचं चुंबकीय क्षेत्र थोडं ढवळणारी वेटोळी), गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या, क्यूएच-मोड, आय-मोड, प्लाझ्माच्या छेदाचा उलटा त्रिकोणी आकार. हातात चार महिने आणि एक साधा लॅपटॉप. सर म्हणाले, एकच घे पण मुळापासून घे. कोणती घेऊ? आणि उष्णता जास्त टिकवणारा एच-मोड एवढा चांगला, तर उसळी त्याच्याच काठाला का येते?

भोगावती
भावा, आधी शेवटचा प्रश्न घेतो. तो सुटला की निवड सोपी होईल.

१९८२ साली जर्मनीत गार्शिंगला, अ‍ॅस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वॅग्नर यांना एच-मोड सापडला. तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की काठाजवळची खळबळ एकदम शांत होते आणि उष्णता अडवणारा पातळ थर तयार होतो. तिथं दाब कड्यासारखा उभा चढतो. हेच पेडेस्टल. आतला सगळा दाब त्याच्या खांद्यावर उभा असतो, म्हणून उष्णता जवळपास दुप्पट वेळ टिकते. पण त्या उभ्या उतारामुळेच बलूनिंग अस्थिरता (दाबाने काठ फुगणं) येते, आणि तोच उतार काठाला बूटस्ट्रॅप करंट (दाबाच्या उतारातून आपोआप वाहणारा विद्युत प्रवाह) निर्माण करतो, ज्यातून पीलिंग अस्थिरता (काठ सोलला जाणं) येते. दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली की मिलिसेकंदाच्या आत पेडेस्टलचा एक तुकडा बाहेर फेकला जातो. पुन्हा भरतं, पुन्हा फुटतं.

आता राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आठव. पाणी पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, १४२८ क्युसेक सोडतो, पातळी उतरली की मिटतो. धरण भरलेलं राहतं आणि भिंतही शाबूत राहते. एल्म टाळायचे म्हणजे हेच: पेडेस्टल उंच ठेवायचं, पण मर्यादेच्या अलीकडेच थोडं थोडं सोडत राहायचं. तुझ्या यादीतल्या बहुतेक वाटांत फरक एवढाच, की दरवाजा कोण उघडतं.

माझा सल्ला क्यूएच-मोड. सॅन डिएगोच्या डी-थ्री-डी यंत्रावर तो पहिल्यांदा दिसला. तिथं प्लाझ्माच स्वतःचा दरवाजा उघडतो. काठावर एक मंद लहर उठते, एज हार्मोनिक ऑसिलेशन. ती वाढते, पण फुटत नाही. एका उंचीवर थांबून फिरत राहते आणि कणांना सतत बाहेर काढते. त्यासाठी काठाला प्लाझ्माच्या फिरण्याच्या वेगात मोठा फरक लागतो, आणि खरी अडचण तिथंच आहे. मोठ्या यंत्रात बाहेरून तेवढा फिरवण्याचा जोर मिळत नाही.

एक गोष्ट विसरू नको. एल्म नुसते बंद केले तर भिंतीचा टंगस्टन आत साठतो, प्रकाश टाकून प्लाझ्मा थंड करतो. एल्म ती घाणही काढत असतात. म्हणून बंद करणारी वाट घेतलीस की पहिला प्रश्न हा विचारायचा: घाण कुठून जाते?

बाकी थोडक्यात. गोळ्यांनी एल्म लहान होऊन वारंवार येतात, टळत नाहीत. आय-मोडमध्ये तापमानाचा कडा असतो, घनतेचा नसतो. एमआयटीच्या अल्काटर सी-मॉडवर त्याचं बरंच काम झालं. उलटा त्रिकोणी आकार तर एच-मोडमध्ये जातच नाही, तुझ्या विषयात बसत नाही.

शिरोलीकर
मी फौंड्रीतला माणूस. लॅडलचं अस्तर आधी तापवून घेतल्याशिवाय आम्ही त्यात रस घेत नाही. एकदम ताप बसला की अस्तराला केसासारख्या भेगा जातात, आणि पुढच्या प्रत्येक हीटला त्या वाढतात. सरासरी तापमानाने काही बिघडत नाही, झटक्याने बिघडतं. डायव्हर्टरच्या (यंत्रातला उष्णता झेलणारा भाग) टंगस्टनचं तसंच असणार. हे प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर लिही बाळा, कशासाठी करतोय ते वाचणाऱ्याला कळेल.

अनुजा_कसबा_बावडा
शिरोलीकर काका, अगदी तसंच. वारंवारच्या झटक्यांनी टंगस्टनला भेगा जातात, झटका मोठा असेल तर पृष्ठभाग वितळतोही.

भोगावती दादा, निवडीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आरएमपी घ्यावं. इटरच्या (फ्रान्समध्ये बांधलं जाणारं महाकाय टोकामॅक) पात्रात त्यासाठी २७ कॉइल बसणार आहेत, म्हणजे जगाने पैज त्यावर लावली आहे. क्यूएच-मोडचा बहुतेक अनुभव कार्बनच्या भिंतींच्या यंत्रांतला आहे, टंगस्टनच्या नाही.

भोगावती
ताई, भिंतीचा मुद्दा रास्त आहे, प्रोजेक्टमध्ये यायलाच हवा. पण आरएमपीत काठाजवळचा सेफ्टी फॅक्टर (चुंबकीय रेषांचा पीळ सांगणारा आकडा) अरुंद खिडकीत बसला तरच एल्म पूर्ण थांबतात, आणि प्लाझ्मा त्या चुंबकीय ढवळणीला स्वतः काय उत्तर देतो हे काढायला जड गणित लागतं. चार महिन्यांत तो ते नुसतं उतरवून काढेल. क्यूएचमध्ये निदान मर्यादेचं चित्र त्याच्या हाताने निघेल. भावा, पायथनमध्ये टॅन-हायपरबोलिकचा दाबाचा वक्र काढ, उंची-रुंदी बदलत उतार बघ. नंतर फ्रीजीएसमध्ये (प्लाझ्माचा समतोल काढणारं पायथनचं साधन) तो दाब घालून समतोल काढ.

रंकाळाकाठ
दादा, ताई, काका, मनापासून आभार. क्यूएच घेतो, आणि भिंतीवर ताईंच्या मुद्द्याचं वेगळं प्रकरण करतो. रात्री वक्र काढला. उंची तीच ठेवून रुंदी निम्मी केली, उतार बरोबर दुप्पट झाला. कागदावर हे दिसतंच, पण स्क्रीनवर तो कडा उभा राहिलेला बघून पहिल्यांदा कळलं, काठ का फुटतो. आता त्यात बूटस्ट्रॅप करंट कसा मिसळायचा तिथं अडलोय. दादा, रविवारी वेळ असेल तर इथंच विचारू का?

भोगावती
विचार की. वक्र टाकून ठेव, बघून ठेवतो.