बाबांचं मगरींचं काम पुढे चालवायचंय (बडोदा): कवटी, वह्या, फोन आणि मोजणी

मुग्धा_दांडियाबाजार
नमस्कार. विश्वामित्री नदीच्या मगरींवर बाबांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं. मागच्या महिन्यात ते गेले. घरी मागे राहिलंय ते असं: नोंदींच्या वह्या (काठावर बसलेल्या मगरी, घरटी, पुराच्या पाण्याची पातळी), स्लाइड्स आणि निगेटिव्ह, एका मगरीची कवटी, डब्यात अंड्यांची टरफलं, फासाची काठी आणि लोखंडी पिंजरा. लहानपणापासून हे सगळं डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे मगर ओळखणं, घरटं ओळखणं जमतं. कागदोपत्री काय करायचं ते मात्र ठाऊक नाही.

कवटी घरात ठेवता येईल का? वह्या कशा उतरवाव्यात म्हणजे पुढे कुणाला वापरता येतील? सोसायट्यांतून अजून बाबांच्या नंबरवर "मगर आली" म्हणून फोन येतात, तेव्हा काय करायचं? आणि मोजणी त्यांच्याच पद्धतीने चालू ठेवायची की नवी सुरू करायची?

निवृत्त_आरएफओ
मुग्धाताई, कवटीचं आधी करा, कारण त्याला मुदत आहे. मगर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत) येते. बाबांकडे मालकीचं प्रमाणपत्र होतं का, ते कागदांत शोधा. 2003 मध्ये अशा वस्तू जाहीर करायला सरकारने 180 दिवस दिले होते, बऱ्याच जणांची प्रमाणपत्रं त्या वेळची आहेत. जुन्या फाइलमध्ये 2003-04 चं काही सापडतं का पाहा.

प्रमाणपत्र असेल तर वारसाहक्काने वस्तू तुमच्याकडे येऊ शकते. पण कलम 40(2ब) प्रमाणे वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तसं जाहीर करावं लागतं. त्यांचं कार्यालय गांधीनगरला आहे. अर्ज बडोद्याच्या डीसीएफ (उपवनसंरक्षक) कार्यालयातून पाठवा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला, जुन्या प्रमाणपत्राची प्रत, कवटीचे चारही बाजूंनी फोटो आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये द्या. नुसतं "एक कवटी" लिहिलं की अर्ज त्रुटी काढून परत येतो.

प्रमाणपत्र नसेल तर ती वस्तू कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता आहे, वारशाने तुमची होत नाही. तेव्हा स्वतःहून लेखी कळवून जमा करा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. "आठवण आहे, राहू दे" असं घरातले म्हणतील. पण अनुसूची 1 मधल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान 3 वर्षं आहे, कमाल 7. टरफलंही त्याच यादीत लिहा. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्यावं असं वाटत असेल तर तेही परस्पर देऊ नका, वनखात्यामार्फतच जाऊ द्या.

फास आणि पिंजरा ठेवण्यात अडचण नाही, वापरण्यात आहे. कायद्यात "शिकार" या शब्दात पकडणं, सापळा लावणं, हाकणंसुद्धा येतं. बाबांना पकडायला परवानगी होती ती त्यांच्या नावावर, ती त्यांच्याबरोबर संपली. तुम्हाला कलम 11 किंवा 12 खाली नवी परवानगी लागेल, नाहीतर खात्याच्या टीमबरोबर त्यांच्या देखरेखीखाली काम करावं लागेल. पुराच्या दिवसांत खात्याला माणसं हवीच असतात, पण नोंदणी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये करून ठेवा. पाणी चढल्यावर कुणाला कागद बघायला फुरसत नसते.

नोंदवही_फतेगंज
माझ्या मते वह्या हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. पकडणारी माणसं शहरात तयार होतात. एकाच नदीच्या एकाच पट्ट्यावर तीन दशकं एकाच नजरेने केलेली नोंद पुन्हा तयार करता येत नाही. म्हणून घाई न करता नीट उतरवा.

उतरवण्याआधी प्रत्येक पान सरळ वरून, सावली न पडू देता, फोटो काढून ठेवा. फाइलला वही क्रमांक आणि पान क्रमांक द्या. मग एक्सेलमध्ये एका निरीक्षणाला एक ओळ. रकाने असे ठेवा: वही-पान, तारीख, सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, जागा बाबांच्या शब्दांत, जागा अक्षांश-रेखांशात, किती मगरी, अंदाजे लांबी, काय करत होत्या, पाण्याची पातळी, हवा, शेरा. बाबांचा मूळ शब्द आणि तुमचा अर्थ हे दोन वेगळे रकाने हवेत. त्यांनी "7 फुटी" लिहिलं असेल तर एका रकान्यात "7 फुटी" तसंच ठेवा आणि पुढच्या रकान्यात 2.1 मीटर लिहा. सगळं मीटरमध्ये कोंबलं, की मूळ आकडा अंदाजाचा होता हेच पुढच्याला कळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते "काही दिसलं नाही"च्या दिवसांचं. उतरवणारा माणूस ती पानं रिकामी समजून सोडून देतो. मग फक्त मगर दिसलेलेच दिवस उरतात आणि संख्या दरवर्षी चांगली वाटते. ज्या दिवशी बाबा तासभर उभे राहिले आणि शून्य दिसल्या, ती ओळ उतरलीच पाहिजे, वेळेसकट.

जागांची नावं हे वेगळंच काम आहे. "स्मशानामागचा वळसा", "पंपाखालची वाळू" असं लिहिलेलं असणार. यांची एक स्वतंत्र यादी करा आणि बाबांबरोबर जाणारं जे कुणी असेल त्यांना प्रत्यक्ष नदीवर नेऊन फोनवर अक्षांश-रेखांश घ्या. हे काम या हिवाळ्यातच उरका, कारण त्या माणसांचीही वयं झालेली असणार. भीमनाथ पूल, काळा घोडा, मुजमहुडा, वडसर अशा पक्क्या खुणांपासून पावलांत किंवा मीटरमध्ये अंतर लिहून ठेवा. 2025 च्या उन्हाळ्यात पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम झालं, त्यात काही काठ मूळ जागी राहिलेच नाहीत. अशा जागेपुढे "काठ कापला" एवढी खूण पुरे. ती नोंद पुसू नका.

पुराच्या पातळीला संदर्भ काय धरलाय तेही तपासा. काळ्या घोड्याच्या पुलावरची पातळी फुटांत असते आणि 26 फुटांना धोक्याची पातळी म्हणतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये ती 35 च्या वर गेली होती. आजवा सरोवराची पातळीही फुटांतच सांगतात, पण तो आकडा 200 च्या वरचा असतो. वहीत नुसतं "212" दिसलं तर ते आजव्याचं समजा.

स्लाइड्सचं: बुरशीचे ठिपके दिसले तर कापडाने पुसू नका, रंगाचा थर निघून येतो. हाताने दाबायच्या फुग्याने धूळ उडवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा आणि 3000 ते 4000 डीपीआयला स्कॅन करा, टिफ फाइलमध्ये. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काही लिहिलेलं असतं, कधी कधी प्रोसेसिंगचा महिना-वर्ष छापलेलं असतं. त्या पुठ्ठ्याचाही फोटो घ्या. मूळ वह्या, घरची हार्ड डिस्क आणि घराबाहेर एक प्रत, एवढं तरी हवंच. बडोद्यात तळमजल्यावर कागद ठेवण्याचा अर्थ 2024 नंतर वेगळा सांगायला नको.

सर्पमित्र_मांजलपूर
फोनबद्दल. कवटीची तारीख सांभाळाल तशीच ही शिस्त पाळा: फोन आला की आधी वनखात्याला कळवायचं, मग सोसायटीला काय करायचं ते सांगायचं. स्वतः निघायचं ते त्यानंतर.

फोनवर चार गोष्टी विचारा: जागा, मगर अंदाजे किती लांब, पाण्यात की जमिनीवर, आणि तिला नदीकडे किंवा कांसेकडे (पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या नाल्याकडे) परत जायला वाट मोकळी आहे का. पावसाळ्यात बऱ्याच मगरी कांसेतून आत येतात. भूखी कांसेच्या कडेच्या वस्त्यांत हे नेहमीचं. वाट मोकळी असेल आणि माणसं मागे हटली, दिवे बंद झाले, कुत्री बांधली, तर बऱ्याचदा ती रात्रीतून आपली आपण निघून जाते. माणसांना 10 मीटर मागे ठेवा आणि पाण्याच्या बाजूला कुणालाच उभं राहू देऊ नका. तीच बाजू अडवली जाते, कारण फोटो तिथून चांगला येतो. दगड मारणं, बादलीने पाणी ओतणं, काठीने ढोसणं यांतून मगर थकते.

हे थकणं बाहेरून दिसत नाही, म्हणून ते समजून घ्या. मगर जोर लावते तो थोड्या वेळापुरता. धडपड लांबली की रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं आणि मगर शांत पडते. लोकांना वाटतं, वठणीवर आली. मोठ्या मगरींत हे जास्त होतं, आणि सोडल्यावर काही तासांनी त्या मरू शकतात. टीमबरोबर काम कराल तेव्हा तुमचं लक्ष इथे हवं: पहिल्या फासापासून तोंड बांधेपर्यंत वेळ कमीत कमी जावा. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड, उघडण्याची फार कमी. म्हणून सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी पुरते, पण ती नाकपुड्यांच्या मागे बसली पाहिजे. दोरी पुढे सरकून नाकपुड्या दाबल्या गेल्या तर गाडीत कुणाच्या लक्षातही येत नाही. डोळ्यांवर ओलं गोणपाट, अंगावरही ओलं गोणपाट, शेपटीला धरून ओढायचं नाही, फळीवर बांधूनच उचलायचं. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या टेंपोत ठेवायचं नाही.

सोडताना पाण्यात ढकलू नका. थकलेली मगर नाक वर काढू शकली नाही तर बुडते. काठाच्या उतारावर, तोंड पाण्याकडे, आधी पायांचे बंध, शेवटी तोंडाची पट्टी, आणि सगळ्यांनी मागे व्हायचं. ती अर्धा तास हलली नाही तरी चालेल.

आणि अंडी. कुणी जेसीबीच्या कामात अंडी सापडली म्हणून टोपलीत भरून आणली तर बहुतेक उशीर झालेला असतो. घातल्यापासून साधारण 24 तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून आधीच सांगून ठेवा: सापडली तर हात लावू नका, माती परत झाका, खात्याला कळवा. खात्याने हलवायचं ठरवलं तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला साध्या पेन्सिलीने खूण करायची आणि त्याच बाजूने नव्या जागी ठेवायचं. मार्कर वापरायचा नाही.

मुग्धा_दांडियाबाजार
सगळ्यांचे आभार. 2003 च्या फाइलमध्ये प्रमाणपत्र सापडलं, उद्या डीसीएफ ऑफिसला जाते. मोजणीबद्दल अजून कुणी सांगाल का? बाबा पुलांवरून सकाळी मोजायचे. आता काहीजण रात्री टॉर्चने मोजा म्हणतात.

काठावरची_मोजणी
बाबांची पद्धत मोडू नका. रात्रीची हवी तर वेगळी सुरू करा, वेगळ्या वहीत. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात एकत्र आले की जुन्या वर्षांशी तुलना करता येत नाही.

सकाळची मोजणी: डिसेंबर ते फेब्रुवारी, थंड रात्रीनंतर आभाळ स्वच्छ असलेला दिवस. पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून रात्री मगर पाण्यात राहते आणि ऊन काठावर पोहोचलं की वर येते. बडोद्यात साधारण साडेनऊनंतर. जागा त्याच, क्रम तोच, प्रत्येक जागी मिनिटं तितकीच. प्रत्येक जागेवर तीन वेगवेगळ्या दिवशी जा आणि त्यांतला सगळ्यात मोठा आकडा धरा. तिन्हींची सरासरी किंवा बेरीज नको. लांबी ओळखताना नाकाच्या टोकापासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर अंदाजे सातपट केलं की एकूण लांबीच्या जवळ जातं. पाण्यात फक्त डोकं दिसतं तेव्हा हाच आधार. दोन माणसांनी मोजा आणि एकमेकांना न सांगता लिहा. फरक किती पडतो ते पहिल्या हिवाळ्यातच कळेल.

रात्री टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरावा लागतो, म्हणजे कपाळाला लावायचा किंवा कानशिलाशी. हातात कमरेपाशी धरला तर डोळ्यांची तांबूस चमक तुमच्यापर्यंत परत येतच नाही. पुलावरून खाली मारलेल्या टॉर्चलाही कोन चुकतो, म्हणून रात्रीची मोजणी बोटीतून किंवा खालच्या काठावरून होते, आणि विश्वामित्रीच्या खालच्या काठावर रात्री उतरायचं नाही. त्यासाठी खात्याची बोट असेल तरच. वेड्या बाभळीच्या आणि जलकुंभीच्या मागच्या मगरी दोन्ही पद्धतींत सुटतात. झाडी तोडलेल्या वर्षी संख्या वाढलेली दिसते ती यामुळे. म्हणून झाडी किती आहे याचा रकाना दरवर्षी भरा.

घरट्यांसाठी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दुरूनच काठ बघा. मादी खड्डा करून अंडी घालते आणि बहुतेक वेळा आसपासच असते, त्यामुळे जवळ जाणं धोक्याचं. पिल्लं पहिल्या पावसाच्या सुमारास बाहेर येतात. घरट्यावरची सावली गेली की तापमान बदलतं आणि पिल्लं नर होणार की मादी हेही त्यावर ठरतं. 31 अंशांच्या आसपास आणि खाली सगळ्या माद्या, 32-33 ला नर वाढतात. काठ मोकळा केला असेल तर ती नोंद त्या घरट्यापुढे हवीच.

घरट्यांचे फोटो ग्रुपवर टाकताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवू नका, त्यात फोनने नोंदवलेली जागा तशीच जाते. आणि जी एक्सेल इतरांना द्याल, तिच्यात घरट्यांचे अक्षांश-रेखांश काढून फक्त पट्ट्याचं नाव ठेवा. पूर्ण प्रत खात्याला द्या.