दुर्बिणीनं होतं, पण पेशंट टिकून असेल तर

भाऊ, छातीचं ऑपरेशन दुर्बिणीनं होत असताना भाच्याची अख्खी छाती का उघडली, असं तुम्ही विचारलंय. बैलाचं शिंग डाव्या बाजूनं काळजाजवळ घुसलं, नागपूरला पोचेस्तोवर बीपी ढासळलं, हेही तुम्हीच लिहिलंय. उत्तर त्यातच आहे.

दुर्बिणीसाठी त्या बाजूचं फुप्फुस मिटवून ठेवतात, श्वास दुसऱ्यावर चालवतात. बीपी खाली असलेल्या पेशंटला हे झेपत नाही. त्यात हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलं, की हृदयाला भरायला जागाच उरत नाही; मग मिनिटांचा खेळ. साचलेलं रक्त काढायला छातीत नळी टाकताच दीड लिटरवर रक्त आलं तरी सहसा छाती उघडतातच. पेशंट स्थिर असेल तर मात्र दुर्बीण उत्तम: गोठलेलं रक्त काढायला, छाती-पोटामधला पडदा फाटलाय का बघायला. टाके कमी, दुखणंही कमी.

आणि एक, गडचिरोलीकडे बांबू तोडताना असं घडू शकतं म्हणून सांगतो: घुसलेली वस्तू उपसू नका. कित्येकदा तीच रक्त अडवून धरते. दोन्ही बाजूंनी दुपट्टा गुंडाळून पक्की करा आणि 108 लावा. हळद तर अजिबात भरू नका, राजेहो.