लॅपटॉपला दोन मॉनिटर लावायचे आहेत, कोणती केबल घेऊ? (नागपूर)

मानेवाडाकर:
नमस्कार मंडळी, मिहानमधलं ऑफिस आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करू देते आणि १४ इंची स्क्रीनवर एक्सेल पाहून पाहून डोळे दुखून राहिले, म्हणून २७ इंची ४के मॉनिटर घेतला, शिवाय बाबांच्या दुकानातला जुना १९ इंची पडून आहे तोही बाजूला लावायचा आहे. लॅपटॉपला एचडीएमआय एक अन् टाइप-सी दोन. नवीन मॉनिटरला एचडीएमआय दोन, डिस्प्लेपोर्ट एक, टाइप-सी नाही. जुन्याला निळं व्हीजीए आणि पांढरं डीव्हीआय. बर्डीवर एका दुकानात म्हणे कोणतीही टाइप-सी ते एचडीएमआय केबल न्या, चालते. दुसऱ्याकडे म्हणे टाइप-सीमधून चित्र येतच नाही. कोणाचं ऐकू? एवढ्या उन्हात पुन्हा पुन्हा चकरा मारायची इच्छा नाही, कोणी केलं असेल तर नीट सांगा.

खामला_रिपेअरवाला:
दोघंही अर्धंच सांगून राहिले भाऊ. टाइप-सी म्हणजे फक्त पोर्टचा आकार, त्यातून चित्र निघते की नाही हे कंपनीने आत काय जोडलं त्यावर आहे. काही पोर्ट नुसते चार्जिंग-डेटाचे असतात, त्यात कितीही महाग केबल घाला, मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणूनच बसेल. मोबाइलचा टॉर्च मारून पोर्टच्या बाजूची खूण पाहा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे चित्र येणार. डी अन् पी एकात एक घातल्यासारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट आहे, येणार. खूणच नसेल तर लगेच नाही म्हणू नका, बऱ्याच कंपन्या छापतच नाहीत, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड' (टाइप-सीमधून चित्र पाठवायची सोय) लिहिलंय का ते पाहा. तुमच्या दोन पोर्टपैकी एकालाच असणं पण शक्य आहे, म्हणून दोन्ही तपासा.

मानेवाडाकर:
पाहिलं. एकाला डी-पीचं चिन्ह आहे, दुसऱ्याला काहीच नाही. आणि साइटवर एचडीएमआय १.४ लिहिलंय, हे चांगलं की वाईट?

खामला_रिपेअरवाला:
४के साठी वाईट. १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालते, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलते, चित्र दिसेल मस्त पण माउस हलवला की बाण अडखळत अडखळत जातो, एक्सेल स्क्रोल करताना अक्षरं ओढल्यासारखी दिसतात, आठ तास त्यावर काम करणं म्हणजे डोक्याला ताप. ६० पाहिजे असेल तर एचडीएमआय २.० लागते नाहीतर डिस्प्लेपोर्ट १.२ अन् पुढचं. म्हणून नवीन मॉनिटर खूण असलेल्या टाइप-सीवर टाका, सरळ 'टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट' केबल घ्या, मध्ये कन्व्हर्टर नको. आणि घरातली मोबाइल चार्जरची टाइप-सी केबल कापून-जोडून काही करू नका, त्यात बहुतेक चित्राच्या तारा नसतातच.

जुना मॉनिटर एचडीएमआयवर. तिथे व्हीजीएच्या नादी लागू नका. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग, त्यामुळे मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागते, अन् स्वस्तातला घेतला की अक्षरं भुरकट. तुमच्याकडे डीव्हीआय आहे ना, मग साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल पुरते, दोन्हीकडे सिग्नल तोच, रूपांतराचा प्रश्नच नाही. आवाज त्यातून येईल ही अपेक्षा ठेवू नका, तो लॅपटॉपवरच ठेवा.

त्रिमूर्तीनगर_ताई:
एवढ्या केबल कशाला, एक टाइप-सी हब घ्या ना, एचडीएमआय, यूएसबी, चार्जिंग सगळं एकातच. मी मॅकबुकला वापरते, छान चालतं.

खामला_रिपेअरवाला:
ताई एका मॉनिटरला हब ठीक आहे, पण डब्यावर ४के लिहिलं असलं तरी बाजूला बारीक अक्षरात ३० हर्ट्झ आहे का ते वाचून घ्यायचं. टाइप-सीत वेगवान डेटाच्या चार लेन, म्हणजे वाटा असतात, बरेच हब त्यातल्या दोन यूएसबीला देतात अन् दोनच चित्राला उरतात, लॅपटॉप जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ चा असेल तर दोन लेनमध्ये ४के ६० मावतच नाही. सरळ केबलमध्ये चारही लेन चित्राला मिळतात म्हणून मी तिच्यावर अडून बसलो. मॅकबुक एअर एम१ किंवा एम२ असेल तर एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, दोन एचडीएमआयचा हब लावला तरी दोन्हींवर एकच चित्र येईल. दुसरा पाहिजेच असेल तर डिस्प्लेलिंकवालं (सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीतून चित्र पाठवणारं) अ‍ॅडॉप्टर अन् त्याचं ड्रायव्हर घ्यावं लागते, व्हिडिओ एडिटिंगला ते नको, ऑफिसच्या कामाला चालते.

धरमपेठ_९:
एक गोष्ट जोडतो, केबलची दिशा पाहून घ्या. 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय' केबल उलटी लावून लॅपटॉपच्या एचडीएमआयवरून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला चालत नाही, दुकानात पुष्कळदा दोन्हीकडून चालते म्हणून देतात. लॅपटॉप सोबत न्या, त्यांच्याच मॉनिटरवर लावून पाहा अन् मगच पैसे द्या. आणि ज्यांनी अजून मॉनिटर घेतला नाही त्यांनी टाइप-सीवाला पाहा, ६५ वॅट देणारा असला तर त्याच केबलने लॅपटॉप चार्जही होतो.

मानेवाडाकर:
दोन्ही केबल आणल्या, डिस्प्लेपोर्टवाली लावल्याबरोबर चित्र आलं पण सेटिंगमध्ये ३० हर्ट्झच दाखवून राहिलं.

खामला_रिपेअरवाला:
सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे वर मॉनिटर बदलून २७ वाला निवडा अन् ६० करा. यादीत ६० नसेलच तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन १.१ वर ठेवलेलं असू शकते, ते १.२ करा.

मानेवाडाकर:
मेन्यूतच होतं, १.१ वर. आता ६० आलं, माउस एकदम मोकळा फिरतो. डीव्हीआयवाला पण चालू, फक्त केबल जराशी हलली की स्क्रीन गुलाबी होते.

खामला_रिपेअरवाला:
पिन नीट बसली नाही. डीव्हीआय पिनच्या दोन्ही बाजूचे स्क्रू हाताने घट्ट पिळा.