पांढऱ्या केसांची टिंगल करणारी जाहिरात, तक्रार कुठं करायची?

खानापूरची_ताई:
बेळगावात बोगारवेशीजवळ हेअर डायचा मोठा बोर्ड लागलाय, पांढऱ्या केसांची बाई आणि मागं पोरं तिला आज्जी आज्जी म्हणून हसूलालेत. माझे केस तिशीतच पिकले, आईकडनंच आलंय ते, आता दुकानात गिऱ्हाईकं पण तसंच बोलतात, लई वाईट वाटतंय. तक्रार कुठं करायची?

निपाणीकर:
ताई, भारतीय जाहिरात मानक परिषद म्हणजे आस्की, त्यांच्याकडं ऑनलाइन करा, पैसे लागत नाहीत. वयावरनं कुणाची टिंगल करायची नाही असा त्यांचा नियमच आहे. बोर्डाचा फोटो, जागा, तारीख घाला. 1985 पासनं आहे पण सरकारी नव्हे, दंड करत नाहीत, जाहिरात बदला नाहीतर काढा म्हणून सांगतात.

शहापूरची_काकू:
तक्रार कराच गं. माझ्या जावेनं असल्या बोलण्याला कंटाळून डाय लावला आणि दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे उघडेनात. काळ्या डायमध्ये बहुतेक पीपीडी नावाचं रसायन असतंय, त्याची ॲलर्जी येते, 48 तास आधी थोडं लावून बघायचं असतंय, ते पाकिटावर बारीक अक्षरात!

खानापूरची_ताई:
उद्याच फोटो काढते. काकू, तुम्ही पण करा की एक तक्रार.