रोज खिशात ठेवायला बारीक, जुन्या पद्धतीचा मिटता चाकू कोणता घ्यावा?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. आमच्या आज्ज्याच्या चंचीत अडकित्त्याबरोबर एक पितळी मुठीचा मिटायचा चाकू असायचा, बोटाएवढा बारीक, एकच पातं. सुपारी अडकित्त्यानं आणि बाकी सगळं त्या चाकूनं, म्हणजे पेरू चिरणं, पानाचं देठ खुडणं, आमच्या शाळेच्या पेन्सिली. आज्जा गेल्यावर तो माझ्याकडं आला, खरं गेल्या वर्षी रोपलावणीच्या वेळी चिखलात खिशातनं पडला. सगळा वाफा दोनदा चाचपला, सापडला न्हाई. अजून मनाला लागून राहिलंय.

मी बेळगावात रविवार पेठेत होलसेल दुकानात कामाला हाय. दिवसभर पोत्याची सुतळी, खोक्यावरची टेप, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि जेवण झाल्यावर एखादं फळ. दुकानात सरकवायचा कटर हाय, खरं त्यानं फळ कापायला मन होत न्हाई आणि जोर दिला की पात्याचा तुकडा उडतो. मला पाहिजे तो शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बसणारा, दिसायला साधा, जुन्या वळणाचा. क्लिप नको, काळा मिलिटरी टाईप नको, खटक्याचा तर नकोच. कुणी वापरत असेल तर सांगा की.

कणकुंबीचा_पाऊस
दादा, मी सात वर्षं ओपिनेल वापरतोय, ८ नंबर. फ्रान्सच्या सावोई म्हणून डोंगराळ भागातला, १८९० पासून बनतोय, मूळचा शेतकऱ्याच्या खिशातलाच चाकू. लाकडी मूठ, एकच पातं, तोंडाशी एक लोखंडी कडं असतं ते फिरवलं की पातं अडकून बसतं, बोटावर मिटत न्हाई. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंमी, ६ नंबरचं ७. वजनाला काहीच न्हाई, खरं मूठ गोल असल्यामुळं शर्टाच्या खिशात फुगवटा दिसतो हे खरं सांगतो. त्यांचाच एफिले म्हणून निमुळत्या मुठीचा प्रकार आहे, बारीकच पाहिजे तर तो बघा.

आता आपल्याकडची अडचण. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं मुठीतच आवळून बसतं, नखानं निघत न्हाई, मग मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर आपटायचं, पातं थोडं वर येतं. पहिल्या पावसात मला वाटलं चाकू बिघडला, तसं नसतं, वाळलं की सुटतो. आणि कार्बन स्टीलचा घेऊ नका, स्टेनलेसचा घ्या. कार्बनला धार झकास येते आणि पटकन येते, खरं कैरी कापली की पातं काळपट पडतं आणि आमच्या कणकुंबीसारख्या पावसात एक रात्र ओला राहिला की सकाळी तांबूस गंज. फणसाचा चीक लागला तर पाण्यानं निघत न्हाई, खोबरेल लावून पुसायचा, खरं हे बहुतेक तुम्हाला माहीतच असेल.

निपाणीकर_ताई
मी बाई आहे आणि माझ्या पर्समध्ये बारा वर्षं चाकू आहे, म्हणून लिहिते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा कॅडेट. लाल प्लास्टिकची मूठ असते ना, तसला नव्हे, दाणेदार ॲल्युमिनियमच्या मुठीचा. मिटल्यावर ८४ मिमी, आत दोनच थर, त्यामुळे एकदम चपटा. मोठं पातं, नखाची कानस, डबा उघडायचं आणि बाटली उघडायचं, ह्या दोन्हींच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर. याहून बारीक पाहिजे तर बँटम, त्यात एकच थर, एक पातं आणि डबा-बाटली दोन्ही उघडणारं एक जोडहत्यार, बस्स. पातं स्टेनलेस, पाण्यानं धुतला तरी काही होत नाही आणि मूठ फुगायचा प्रश्नच नाही.

जुन्या वळणाचा म्हणाल तर हाही जुनाच, त्यांचा तो प्रसिद्ध ऑफिसर चाकू १८९७ चा. फक्त एवढं की पातं लॉक होत नाही, नुसत्या स्प्रिंगवर थांबतं. टोकानं भोसकून खोकं उघडायला गेलात तर बोटावर मिटेल, कापायचं ते धारेनं ओढून कापायचं. आणि कॅडेटला कडी असते भाऊ, तिच्यात करगोट्याचा दोरा ओवून कमरेला अडकवा, लावणीच्या चिखलात परत जाणार नाही. तुमच्या आजोबांचा चाकू हरवला ते वाचून वाईट वाटलं.

उद्यमबाग_फिटर
कंपनी कुठलीही घ्या, हातात घेऊन बघता आलं तर बघा. उघडून पातं डावी-उजवीकडं हलवायचं, लुकलुकलं तर ठेवून द्यायचा. मिटवून उजेडाकडं धरायचा, पाठीची स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामधनं उजेड दिसला तर फिटिंग कच्चं, त्यात घाण जाऊन बसणार. मिटल्यावर पातं मधोमध बसलं पाहिजे, कडेला घासत असेल तर धार तिथंच मरते. उघडताना नखाला जोर लागावा, पण नख मोडेल इतका नको. मिटवताना शेवटी टकदिशी आवाज येऊन बसला की समजायचं स्प्रिंग जिवंत आहे. बाजारात शंभर-दोनशेला व्हिक्टोरिनॉक्ससारखे दिसणारे मिळतात त्यांचं महिन्यात पातं लुकलुकायला लागतं, मी दोन घेतले, दोन्ही टाकले.

धार लावायला सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडं देऊ नका अण्णा. चाक कोरडं फिरतं, ठिणग्या उडतात, पातळ पातं तापून निळं पडतं आणि पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, मग कितीही घासा, धार टिकत नाही. असलं निळं पातं मी स्वतः करून बसलोय, म्हणून सांगतो. दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, पाणी टाकून साधारण वीस अंशात सावकाश ओढायचा, दोन्हीकडं सारखे हात. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. तिथं खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पातं जड चालतं.

वडगाव_वकील
कायद्याचं थोडं सांगतो. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या कामाची हत्यारं वगळलेली आहेत. तुम्ही बोलताय ते चाकू याच्या जवळपासही येत नाहीत. तरी बेळगावात राहतो आपण, १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिवस), शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, विधिमंडळ अधिवेशनाचे दिवस, अशा वेळी जमावबंदी लागू शकते (जुनं कलम १४४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३), त्या आदेशात हत्यार बाळगायला बंदी घालतात. तपासणीत अडवलं तर फळ कापायचा आहे हे पटवत बसावं लागतं. त्या दिवशी घरी ठेवा. कोर्टात आणू नका, आणि सांबरा विमानतळावरून विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका.

जांबोटी_रोड
सगळ्यांचे आभार. ताई, कडीचं मला सुचलंच नव्हतं, कॅडेट घेतो. ओपिनेल बी मनात बसलाय खरं घरी पाऊस लई, तो पुढं कधीतरी उन्हाळ्यात. फिटर अण्णा, एक विचारतो, आज्ज्याच्या अडकित्त्याचा खिळा ढिला झालाय, सुपारी धरत न्हाई, चिरडते. तो तुमच्याकडं आणला तर आवळून मिळेल का? पितळी हाय, जोरात ठोकायला भीती वाटते.

उद्यमबाग_फिटर
घेऊन या. ठोकायचा नाही, जुना खिळा काढून नवीन पितळी घालूया. रविवारी नको, बाकी कधीही या.